चाकू किती जुना, हे टिंबं मोजून कळतं

शेजारच्या आजी एका शनिवारी सकाळी सिगारची लाकडी पेटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. (आहेत अमेरिकनच, पण आमची मुलगी त्यांना आजी म्हणते, म्हणून मीही तसंच लिहितो.) पेटीत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले घडीचे चाकू होते, खिशात मावतील असे. आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि तळघरात अशा आणखी पाच पेट्या होत्या. जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराने सगळ्याचे मिळून ११०० डॉलर देऊ केले होते. ‘‘हे बरोबर आहे का?’’ एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मला चाकूतलं ओ की ठो कळत नव्हतं. भाजीची सुरी आणि आंबा कापायचा चाकू, इथवर माझी धाव. पण आम्ही राहतो पश्चिम पेनसिल्व्हेनियात. इथल्या जुन्या पिढीत प्रत्येकाच्या खिशात एक घडीचा चाकू असायचाच, आणि त्यातला नावाजलेला ‘केस’ हा चाकू ज्या ब्रॅडफर्ड गावात बनतो ते याच राज्यात आहे. (झिपो लायटरही त्याच गावचे. १९९३ पासून केस कंपनी झिपोच्याच मालकीची आहे.) तेव्हा ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. पुढचे सात महिने ११२ चाकू एकेक करून ओळखले, त्यांना किंमत लावली आणि ऑनलाइन विकले. कुणाच्या घरी अशी पेटी निघाली तर त्याला पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागू नये, म्हणून हे लिहितोय.

सगळे करतात ती चूक मीही पहिल्याच संध्याकाळी केली. ईबे या ऑनलाइन बाजारात चाकूचं नाव टाकलं, समोर ४०० डॉलर हा आकडा दिसला आणि मनातल्या मनात त्याला ११२ ने गुणलं. तो आकडा विकणाऱ्याने मागितलेला होता. मागायला कुणाच्या बापाचं काय जातं? ४०० मागणारा तो चाकू तिथे दोन वर्षंही पडून असेल. आपल्याला हवी ती खरोखर मिळालेली किंमत. त्यासाठी शोधाच्या गाळणीत ‘सोल्ड आयटम्स’वर खूण करायची, म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष विकलेले नग तेवढे दिसतात. तुमचं विक्रेत्याचं खातं असेल तर सेलर हबमधल्या ‘प्रॉडक्ट रिसर्च’मध्ये तीन वर्षांपर्यंत मागे जाता येतं.

त्यातही एक मेख आहे. काही विकलेल्या नगांच्या किमतीवर काट मारलेली दिसते. याचा अर्थ गिऱ्हाइकाने घासाघीस केली आणि विक्रेत्याने कमी भाव मान्य केला. साध्या यादीत ती उतरलेली किंमत दिसत नाही, काट मारलेला आकडाच दिसतो. मी पहिला महिनाभर तोच खरा धरत होतो आणि माझे चाकू का खपत नाहीत म्हणून डोकं खाजवत होतो.

माझी पद्धत शेवटी अशी ठरली: त्याच नमुन्याचे, त्याच काळातले आणि तशाच अवस्थेतले पाच-सहा विकलेले नग काढायचे, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्यायचा, उरलेल्यांच्या मध्यावर किंमत ठेवायची. ऐकायला सोपं आहे. घोडं अडतं ते ‘त्याच नमुन्याचे, त्याच काळातले, तशाच अवस्थेतले’ या शब्दांवर. हे तीन ओळखता आले की किमतीचं काम दहा मिनिटांचं.

पात्याच्या बुडख्याशी

चाकू पूर्ण उघडा. पातं जिथे मुठीत शिरतं तिथे धार नसलेला, चौकोनी, जाडसर भाग दिसेल. त्याला टँग म्हणतात. आपण बुडखा म्हणू. कंपनीचं नाव, देश, नमुन्याचा क्रमांक हे सगळं तिथे ठोकलेलं असतं. अक्षरं मुंगीएवढी. दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग ऑनलाइन पाच-सात डॉलरला मिळतं, ते आधी घ्या. फोनचा कॅमेराही चालतो, पण घासलेल्या अक्षरांसाठी भिंगाला तोड नाही. दुसऱ्या हातात टॉर्च घ्यायचा आणि उजेड आडवा पाडायचा. वरून पाडलात तर सगळं सपाट चकाकतं; आडवा पाडलात की घासून गेलेल्या अक्षराच्या कडेला बारीक सावली उमटते.

केसच्या चाकूंवर ‘केस’ या नावाखाली दोन एक्स असतात. पोलादाला दोनदा भट्टी दाखवून पाणी दिलं, याची ती खूण, अशी त्यामागची हकीकत सांगतात. पण संग्राहकाच्या दृष्टीने खरी गंमत पुढची आहे. साधारण १९२० ते १९४० या काळात बुडख्यावर ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ असं असे. १९४० ते १९६४ नुसतं ‘केस एक्सएक्स’. १९६५ ते १९६९ त्याखाली ‘यू.एस.ए.’ची भर पडली. आणि १९७० मध्ये कंपनीने त्या अक्षरांखाली १० टिंबं दिली व दर वर्षी एकेक टिंब कमी करत नेलं. १९७१ ला नऊ, १९७२ ला आठ, १९७९ ला एकच. १९८० मध्ये ‘केस’मधला एस विजेच्या लोळासारखा टोकदार केला, पुन्हा १० टिंबं दिली आणि पुन्हा तीच उतरती भाजणी.

म्हणजे हिशेब तिसरीतल्या मुलाला जमेल असा आहे. साधा एस असेल तर १९८० मधून टिंबं वजा करा. टोकदार एस असेल तर १९९० मधून. सहा टिंबं आणि साधा एस, म्हणजे १९७४. सहा टिंबं आणि टोकदार एस, म्हणजे १९८४. १९९० नंतर खुणांची पद्धत बदलली, तिथून पुढे हे सूत्र लावू नका. आमच्या मुलीने एका रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून ४० चाकूंची सालं काढून दिली, आणि आजींना आजोबांनी कोणत्या वर्षी काय घेतलं ते एकेक करून आठवायला लागलं.

सालाखालोखाल महत्त्वाचा नमुन्याचा क्रमांक. तो बहुधा बुडख्याच्या दुसऱ्या बाजूला असतो. उदाहरणार्थ ६२५४. पहिला आकडा मुठीचा: ६ म्हणजे खाचा पाडलेलं हाड, ५ म्हणजे खरं शिंग, ३ म्हणजे पिवळं प्लास्टिकसारखं मिश्रण, ८ म्हणजे खरे शिंपले. दुसरा आकडा पात्यांचा, इथे दोन. उरलेले आकडे घडणीचे. ५४ हा ‘ट्रॅपर’ नावाचा, दोन लांब पात्यांचा लोकप्रिय आकार. तेव्हा ३३१८ म्हणजे पिवळी मूठ, तीन पाती, १८ क्रमांकाची ‘स्टॉकमन’ घडण. गुराख्यांचा चाकू. एकाच साली बनलेले ६२५४ आणि ५२५४ शेजारी ठेवले तर फरक फक्त पहिल्या आकड्याचा, पण शिंगाच्या मुठीला हाडापेक्षा बराच जास्त भाव येतो.

ते शिंग कुणाचं? सांबराचं, आणि बरंचसं आपल्याकडूनच गेलेलं. दर वर्षी सांबराची शिंगं गळतात. जंगलात पडलेली ती शिंगं गोळा होऊन इंग्लंडमधल्या शेफील्ड, जर्मनीतल्या सोलिंगेन आणि अमेरिकेतल्या चाकूंच्या कारखान्यांत जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली आणि जुन्या शिंगमुठींचा भाव आणखी वधारला. हाडाचीही कथा अशीच. केस कंपनी आज ज्या हाडाच्या मुठी करते ते ब्राझीलमधल्या वशिंडाच्या गुरांच्या नडगीचं हाड, आणि ती वशिंडाची गुरं ब्राझीलला मुळात भारतातून गेलेली. पेनसिल्व्हेनियातल्या तळघरातली पेटी उघडावी आणि आत आपलंच गोत निघावं, तसं झालं.

एक सावधगिरी मात्र हवी. पहिला आकडा ६ असला तरी मूठ हाडाचीच असेल असं नाही. पुढे हाडाऐवजी डेलरिन नावाचं कडक प्लास्टिक वापरलं गेलं, तेव्हाही क्रमांक ६ च ठेवला गेला. गरम सुई टोचून बघा, असा सल्ला कुणी देईल. ऐकू नका, मुठीला कायमचं भोक पडतं. त्यापेक्षा भिंग लावा. हाडात टाचणीच्या टोकासारखी बारीक छिद्रं आणि काळसर रेघा दिसतात. जिवंतपणी त्यांतून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. प्लास्टिक तिथे गुळगुळीत आणि जरा जास्तच नीटनेटकं दिसतं.

आता माझी फजिती. दुसऱ्या पेटीत एक हिरवट झाक असलेल्या हाडमुठीचा चाकू होता. बुडखा इतका घासलेला की ‘केस’ आणि ‘एक्सएक्स’ एवढंच दिसलं. १९५० च्या सुमाराचा असेल असं समजून ४५ डॉलर किंमत लावली आणि चहा करायला उठलो. चहाला उकळी यायच्या आत चाकू विकला गेला होता. चार मिनिटं! घेणाऱ्याने पैसे भरल्या भरल्या निरोप पाठवला, ‘असे आणखी आहेत का?’ तेव्हा कुठे मी स्वतःच काढलेले फोटो मोठे करून पाहिले. ‘केस’च्या सी अक्षराला खाली लांब शेपूट होती आणि ‘एक्सएक्स’च्या आधी ‘टेस्टेड’मधल्या डीची पुसट कड. १९४० च्या आधीचा माल. विकलेल्यांच्या यादीत तसलेच चाकू कितीतरी पटींनी जास्त भावाला गेलेले दिसत होते. सौदा झाला तो झाला, चाकू पाठवून दिला. आजींना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझ्या नवऱ्यालाही तो असाच कुणाकडून तरी स्वस्तात मिळाला असणार.’’ मला काही त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून नियम केला: बुडखा पूर्ण वाचल्याशिवाय किंमत नाही, आणि तासाभरात खपला तर समजायचं आपण कमी मागितलं.

पेट्यांत सगळेच केस नव्हते. रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने १९२० ते १९४० या काळात चाकू काढले. त्यांतले मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं धातूचं चिन्ह जडवलेले फार मागणीत असतात. पण १९८२ पासून त्याच घडणीच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा गोळीचं चिन्ह दिसलं म्हणून लगेच हुरळून जायचं नाही. श्रेड या चाकूंच्या कंपनीचा न्यूयॉर्क राज्यातला कारखाना २००४ मध्ये बंद पडला. आता ते नाव चीनमध्ये बनलेल्या चाकूंवर येतं. त्यामुळे एकच नाव, पण दोन वेगळ्या जाती. परदेशी चाकूंसाठी एक ढोबळ खूण उपयोगी पडते. १८९० च्या अमेरिकन आयात कायद्याने मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. म्हणून बुडख्यावर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा, आणि ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९९० च्या आतला.

खट् की खटखट?

साल आणि नमुना कळला, आता अवस्था. इथे माणसं स्वतःची सगळ्यात जास्त फसवणूक करून घेतात. ‘वयाच्या मानाने उत्तम’ असं म्हणणं संग्राहकांना मान्य नसतं. चाकू कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता त्यापासून किती ढळला, एवढंच ते बघतात. अमेरिकेतल्या संग्राहकांच्या संघटनेने घालून दिलेल्या पायऱ्या सगळीकडे चालतात. मिंट म्हणजे न वापरलेला, न पाजवलेला, खिशातसुद्धा न ठेवलेला. निअर मिंट म्हणजे वापर नाही, पण काळाची थोडी छाया आहे. एक्सलंटमध्ये पात्याची झीज १० टक्क्यांपर्यंत, मुठीला तडा नाही. व्हेरी गुडला झीज २५ टक्क्यांच्या आसपास. फेअरला निम्मं पातं गेलेलं, मूठ तडकलेली, स्प्रिंग सुस्तावलेली. पुअर म्हणजे सुट्या भागांसाठी.

झीज मोजायची कशी? पात्याची लांबी-रुंदी बघा. मूळ आकारापेक्षा ते बरंच अरुंद आणि आखूड झालं असेल तर पाजवून पाजवून पातं संपत आलंय. जुन्या कॅटलॉगातल्या चित्राशी किंवा विकलेल्या मिंट नगाच्या फोटोशी ताडून पाहा, म्हणजे शंका राहत नाही. दगडावर हलक्या हाताने पाजवलेल्याला क्षमा असते. सहाणयंत्रावर धरून बुडख्यापर्यंत खरवडलेल्याला नसते.

मग आवाज. इथले लोक म्हणतात, चाकू ‘चालला’ पाहिजे आणि ‘बोलला’ पाहिजे. उघडताना मधे दम न तोडता पातं वर यायला हवं आणि शेवटी ‘खट्’ असा एकच कोरडा आवाज यायला हवा. जुना अडकित्ता ज्यांनी हाताळला आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही: सांधा घट्ट असेल तर सुपारी तुटल्याचा एकच आवाज, ढिला झाला की नुसती खटखट. पातं उघडं ठेवून डावीउजवीकडे हलवून पाहा. हललं तर तसं वर्णनात लिहा. लिहिलं नाहीत तर घेणारा पहिल्या मिनिटात तेच करून बघणार आहे.

बनावटीचा प्रश्नही अवस्थेतच येतो. दोन मोडक्या चाकूंचा एक बरा चाकू करणारे महाभाग आहेत. पात्यांच्या बुडख्यांवरच्या खुणा वेगवेगळ्या काळातल्या, मुठीच्या दोन बाजूंचं हाड वेगळ्या छटेचं, घासलेल्या चाकूला नवीकोरी खीळ, काळवंडलेल्या पात्यावर करकरीत ताज्या कडांची अक्षरं: यातलं काही दिसलं की हात आखडता घ्यायचा. आजोबांच्या पेट्यांत असे तीन निघाले. ते ‘सुटे भाग’ म्हणून विकले.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: चकचकीत करू नका. आपल्याकडे दिवाळीला तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत करतो, त्याच उत्साहाने चाकू पॉलिश करायला घेतला की निम्मी किंमत गेली म्हणून समजा. कार्बनच्या पोलादावर वर्षानुवर्षांत करडी-निळसर साय धरते. ते वय आहे, गंज नाही. ती घासली तर बुडख्यावरची अक्षरंही पातळ होतात आणि चाकू कुणाचा हेच कळेनासं होतं. लाल, भुरभुरणारा गंज मात्र थांबवायला हवा. त्यासाठी मिनरल ऑइलचा एक थेंब आणि जुना सुती पंचा पुरतो. खाचेतला मळ लाकडी दात-कोरण्याने काढा. खाद्यतेल लावू नका, ते चिकट होऊन सांधा धरतं.

चौथी पेटी उघडली तेव्हा आंबट, कापरासारखा वास आला. त्यातले नऊ चाकू गंजलेले, आणि गंमत म्हणजे मध्यभागी असलेल्या एका रंगीत मुठीच्या चाकूच्या भोवतीचे जास्त. ती मूठ सेल्युलॉइडची होती. हे जुनं प्लास्टिक म्हातारं झालं की स्वतःच विरघळायला लागतं आणि त्यातून सुटणारी आम्लाची वाफ शेजारच्या पोलादाला खाते. एका नासक्या आंब्याने अढी नासावी तसं. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळे, हवेशीर जागी ठेवा, आणि ते लवकर विकून टाका. चामड्याच्या म्यानातही कुठलाच चाकू कायमचा ठेवू नये. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला सोसत नाहीत.

हातात काय उरतं

समजा चाकू ६० डॉलरला गेला आणि टपालखर्च म्हणून गिऱ्हाइकाने आणखी ६ दिले. त्यावर त्याच्या राज्याचा विक्रीकर ४ डॉलर धरू. तो आपल्याकडे येत नाही, पण ईबे आपलं कमिशन या सगळ्या ७० वर लावतं. बहुतेक प्रकारांत ते साडेतेरा टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे साडेनऊ डॉलर, वर नगामागे ४० सेंट. टपालाचे खरे ६ आणि खोका-बबलचा १ वजा करा. हातात उरले ४९. शिवाय एका चाकूचे फोटो, मोजमाप, वर्णन, बांधाबांध यात माझा पाऊण तास जायचा. म्हणून १० डॉलरचा चाकू सुटा विकणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यामुळे आम्ही तीन ढीग केले. पहिल्यात २० चांगले, ते लिलावाला: ज्याच्यासाठी दोन जाणकार एकमेकांशी भिडतील असा माल लिलावातच फुलतो, कारण त्याची खरी किंमत आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असते. दुसऱ्यात साठएक मधल्या दर्जाचे, ते ठरावीक किमतीला, घासाघिशीची मुभा ठेवून. अशा चाकूचा लिलाव मांडला आणि त्या संध्याकाळी एकच गिऱ्हाईक हजर असलं तर तो कवडीमोलाने जातो. उरलेले ३२ पाच-सहाच्या जुडग्यांनी. सगळे एकाच आठवड्यात मांडले नाहीत. एकाच नमुन्याचे सहा चाकू एकदम बाजारात आणले की आपणच आपला भाव पाडतो.

शेवटी आजींच्या हातात ४३०० डॉलरच्या आसपास पडले. म्हणजे दुकानदाराने फसवलं का? मला तसं वाटत नाही. त्याला ते दुकानात मांडायचे, वर्षभर सांभाळायचे, वर भाडं भरायचं. घाऊक घेणारा निम्म्याहून कमीच देणार. ज्याच्याकडे सात महिन्यांच्या संध्याकाळी नाहीत त्याने घाऊक विकण्यात कमीपणा नाही. फक्त चांगले २० आधी बाजूला काढावेत.

मांडणीबद्दल थोडंसं. ईबेच्या शीर्षकात ८० अक्षरं बसतात. त्यात कंपनी, क्रमांक, साल, मूठ आणि अवस्था घाला. ‘दुर्मिळ’ हा शब्द शोधून कुणी चाकू विकत घेत नाही. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय: मिटलेला, पूर्ण उघडलेला, दोन्ही बाजूंनी, पट्टीशेजारी, आणि प्रत्येक पात्याच्या बुडख्याचा जवळून. खोड जिथे असेल तिथला फोटो सगळ्यात स्पष्ट हवा.

काय विकायचं नाही

बटण दाबताच पातं उडून बाहेर येणारे चाकू अमेरिकेत १९५८ च्या केंद्रीय कायद्याने एका राज्यातून दुसऱ्यात विकायला पाठवता येत नाहीत, आणि ईबेही ते मांडू देत नाही. पेटीत असा एक निघाला, तो आजींनी ठेवून घेतला. हस्तिदंताच्या मुठींना ईबेवर २००९ पासून बंदी आहे. ‘बोन’ असं खोटं लिहून मांडणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. कासवाच्या पाठीच्या मुठींचीही तीच गत. परदेशी गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी त्याच्या देशाचे नियम बघा. आम्ही तो व्यापच केला नाही, विक्री अमेरिकेपुरती ठेवली.

हे वाचून पुण्या-कोल्हापुरात कुणाला आजोबांच्या ट्रंकेतला शेफील्डचा ‘जोसेफ रॉजर्स’ आठवेल. चांदणी आणि क्रूस या त्यांच्या खुणेची नोंद १६८२ ची. बुडख्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर असतील तर तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १९०१ च्या आतला. अमेरिकेत त्याला गिऱ्हाईक आहे, पण इथे घाई करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूत मोडू शकते, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. तो हातात नसेल तर कुरिअरच्या खिडकीपाशी जाऊच नका. देशातल्या देशात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा संबंध शस्त्र परवान्याशी येतो. खिशातला चाकू त्याच्या बराच आत असतो.

राहता राहिला परत येणाऱ्या मालाचा प्रश्न. ११२ पैकी चारच परत आले. तीन रीतसर, कारण देऊन. चौथ्याच्या वेळी गिऱ्हाइकाने ‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार नोंदवून पैसे परत मागितले आणि चाकू पाठवून दिला. पिवळी मूठ, तीन पाती, ३३१८. तोच. आजी म्हणाल्या, ‘‘देऊन टाक पैसे, कशाला वाद?’’ मुलीने भिंग उचललं. आम्ही पाठवलेल्या चाकूवर पाच टिंबं होती, १९७५. परत आलेल्यावर दोन. आमचा बुडख्याचा फोटो आणि आलेल्या चाकूच्या बुडख्याचा फोटो शेजारी शेजारी लावून तक्रारीला जोडले, खाली एकच ओळ लिहिली: कृपया टिंबं मोजावीत. नवव्या दिवशी निकाल आमच्या बाजूने लागला.